धामकाठची श्रवणमीमांसा

पवनारवर आजवर झालेल्या लेखनाचे तीन वर्ग पडतात: वाकाटकांवरचे, विनोबांवरचे आणि धाम नदीच्या पुरावरचे. या गावी राहून रेडिओ-स्कॅनर ऐकायला सुरुवात कशी करावी, यावर ग्रंथ सोडाच, साधा परिच्छेदही प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. हा प्रबंध ती उणीव भरून काढतो आणि जाता जाता असेही सिद्ध करतो, की नवशिक्या श्रोत्याला बैठक मारायला वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटरवरच्या या गावाहून योग्य ठिकाण अख्ख्या देशात नाही. ज्यांना हे आधीच मान्य असेल त्यांनी पुढे वाचण्याची गरज नाही. ज्यांना मान्य होणारच नाही त्यांनी वाचून उपयोग नाही. उरलेल्या वाचकांसाठी व्याख्येपासून सुरुवात करू.

स्कॅनर म्हणजे एका स्टेशनवर बसून न राहणारा रेडिओ. नेमून दिलेल्या वारंवारतांवरून तो गावच्या कोतवालासारखा दारोदार फिरतो, कडी वाजवतो, आत कोणी बोलत असेल तर थांबतो, नसेल तर पुढचे दार गाठतो. कोतवालाची सकाळ जाते. स्कॅनर एका सेकंदात डझनावारी दारे उरकतो. आत कोणी बोलते आहे की नुसती हवा आहे, हे ठरवायला त्याला एक बटण असते. त्याचे नाव स्क्वेल्च. ते एका टोकाला नेले की अखंड खरखर. दुसऱ्या टोकाला नेले की अखंड शांतता, मग कोणी कितीही ओरडो. मधे कुठेतरी एक बिंदू असतो, जिथे खरखर नुकतीच थांबलेली असते आणि तरी बारीकसा आवाजही निसटत नाही. आपल्या हातून काही सुटू नये या हावेने नवशिक्या स्क्वेल्च सगळा उघडा ठेवतो, तासभर खरखर ऐकतो, कपाळ चोळतो आणि यंत्र माळ्यावर टाकून देतो. या विद्येतले निम्म्याहून अधिक वैराग्य असे पहिल्याच संध्याकाळी येते.

आता स्थाननिश्चय. पवनारचा रेडिओशी पहिला संबंध पाचव्या शतकातला आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट प्रवरपूर या राजधानीहून निघत. म्हणजे एका ठिकाणाहून संदेश सुटत होते आणि ते ठिकाण कोणते हे पुढच्यांनी ओळखायचे होते. वा. वि. मिराशींनी कान लावला आणि प्रवरपूर म्हणजे पवनार, अशी दिशा निश्चित केली. पुढे रामटेकजवळच्या मनसरला उत्खनने झाली आणि काही अभ्यासकांना तोच आवाज तिकडून येतो असे वाटू लागले. एकाच संदेशाच्या दोन दिशा निघणे ही रेडिओतली रोजची अडचण आहे. तिसऱ्या ठिकाणाहून तिसरे माप घेतल्याशिवाय ती सुटत नाही. तिसरे माप मिळेपर्यंत आम्ही गावकऱ्यांच्या बाजूचे.

दुसरा पुरावा अधिक बळकट. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहातले पहिले भाषण पवनारला केले. युद्धाविरुद्ध बोललेले सरकारला सोसले नाही; थोड्याच दिवसांत अटक झाली. पवनारचे सर्वांत जोरकस प्रक्षेपण म्हणायचे तर ते हेच. त्यानंतर मात्र गावाचा कल उलट्या दिशेने दिसतो. देशभर पायी हिंडून झाल्यावर विनोबांनी १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनारच्या आश्रमाबाहेर पाऊल टाकायचे थांबवले. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभराचे मौन धरले. मधल्या काळात आणीबाणी आली, सारा देश धामकाठाकडे कान लावून बसला, तरी मौन वर्षभर टिकले. एका जागी बसणे आणि न बोलणे, हे दोन नियम पाळणाऱ्याला आमच्या शास्त्रात सिद्ध श्रोता म्हणतात. स्कॅनरला बोलायचे बटणच नसते, म्हणून तिथे मौन फुकटात मिळते. विनोबांना ते कमवावे लागले, हा फरक आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो.

याहून विलक्षण योगायोग पुढे आहे. पवनारला मौन चालू असतानाच, त्याच १९७५ साली, जिनिव्हात एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि युरोप, आफ्रिका, आशिया यांच्यातल्या मीडियम वेव्हची फेरवाटणी झाली. शेजारच्या दोन स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवावे असे ठरले आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून ते अमलात आले. परिणामी आपल्याकडची मीडियम वेव्हची ठरलेली जागा कोणतीही घ्या, तिला नऊने निःशेष भाग जातो. नागपूर ५८५. पुणे ७९२. जळगाव ९६३. परभणी १३०५. मुंबई ५५८ आणि १०४४. आकड्यांची बेरीज करून पाहावी: पाच, आठ, पाच मिळून अठरा, अठराचे पुन्हा नऊ. १९८८ मध्ये सुरू झालेली आणि रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरजवळून १००० किलोवॅटने ज्यावर बोलत असे ते १५६६ घ्या, तेही नऊच. भक्ती नवविधा, त्यातली पहिली श्रवणभक्ती, आणि श्रवणाचा पाढा नऊचा. जिनिव्हाच्या प्रतिनिधींनी भागवत वाचले होते काय, हा प्रश्न आम्ही इथे उपस्थित करून सोडून देतो.

अमेरिकेत मात्र हे अंतर १० किलोहर्ट्झचे आहे. ही माहिती पांडित्यासाठी दिलेली नाही. बाहेरून आणलेल्या डिजिटल संचात ९ आणि १० यांतले निवडायचे एक बटण किंवा सेटिंग असते, आणि खोक्यातून निघताना ते बऱ्याचदा १० वर असते. मग काटा ५८० वर पडतो, पुढे ५९० वर पडतो, आणि नागपूर या दोहोंच्या मधल्या फटीत बसून राहते. “संच खराब निघाला” म्हणून परत पाठवण्याआधी हे बटण पाहावे.

आता अधिकाराचा विचार. शास्त्रात अधिकारी म्हणजे ती विद्या शिकण्यास पात्र माणूस. सरकारदरबारी अधिकारी म्हणजे ती विद्या शिकू न देणारा. स्कॅनरच्या बाबतीत दोघांची गाठ पडते.

१८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांनी या देशात बिनतारी यंत्राची गाठ परवान्याशी बांधली. १९३३ चा कायदा तर यंत्र वापरण्याचीही वाट पाहत नाही. नुसते बाळगायलाही परवाना हवा. एके काळी घरचा साधा रेडिओदेखील यात येई. पोस्टात जाऊन शुल्क भरायचे, पुस्तिकेवर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा, मग सुगम संगीत. हा रेडिओ-टीव्हीचा परवाना १९८५ मध्ये रद्द झाला. ज्यांच्या घरी ती पुस्तिका अजून ट्रंकेत असेल त्यांनी ती जपावी; संगीत ऐकण्याची सरकारी लायकी त्यांच्या घराण्यात लेखी सिद्ध झालेली आहे. हौशी रेडिओसाठी केलेल्या १९७८ च्या नियमांनी तर कमाल केली. त्यात परवान्यांचे जे वर्ग होते, त्यांतला एक केवळ श्रोत्याचा होता: शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याचा परवाना. बाकीच्या वर्गांना परीक्षा होती, याला नव्हती. न बोलण्याची परीक्षा कशी घ्यावी, हे परीक्षकांना सुचले नसावे.

तो जमाना गेला, तरी मूळ गाठ सुटलेली नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या कायद्यांची जागा घ्यायला सुरुवात केली, पण वायरलेस संच बाळगायला परवानगी हवी हे तत्त्व कायम ठेवले. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना विनापरवाना वॉकी-टॉकी विकल्याबद्दल नोटिसा काढल्या. तेव्हा परदेशी पुस्तके वाचून, पोलिसांचे आणि अग्निशमन दलाचे बोलणे ऐकत खुर्चीत पडून राहण्याची जी स्वप्ने नवशिक्या पाहतो, ती त्याने धामेत सोडावीत. अमेरिकेत ती हौस बऱ्याच ठिकाणी उघडपणे चालते. इथे ते दुसऱ्याचे पत्र फोडणे आहे. विमानांचे बोलणे, रेल्वेच्या गार्डचे बोलणे, सगळे त्यातच आले. जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे दारूगोळ्याचे भांडार आहे, त्या बाजूला अँटेना वळवण्याचा विचार ज्याच्या मनात येतो त्याने पतंग उडवावेत.

टीव्हीसाठी बनवलेली अंगठ्याएवढी एक डबी संगणकाला जोडली की तीच स्कॅनर होते, हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांनी शोधून काढले आणि ही विद्या एकदम स्वस्त झाली. किंमत उतरली म्हणून कायदा उतरत नाही, एवढेच तिच्याबद्दल.

कायद्याचा आणि कानाचा हा झगडा नवा नाही, आणि त्यातला सर्वांत रोमहर्षक अध्याय वर्ध्यालाच सुरू होतो. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात इंग्रजांनी चालते व्हावे असा ठराव केला. मुंबईत ऑगस्टमध्ये चळवळ पेटली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बंद झाली. २७ ऑगस्टला उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, ४२.३४ मीटरवर. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला आणि मग पोलिसांनी धाड घातली. इतिहासकार याला प्रक्षेपणाची कथा म्हणतात. आम्हाला यातला श्रोता अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण या रेडिओचा सर्वांत निष्ठावान, वक्तशीर आणि वही घेऊन बसलेला श्रोता म्हणजे मुंबईचे पोलीस खाते. बाकीच्यांनी ऐकले आणि पोटात ठेवले. पोलिसांनी ऐकले आणि टिपले, म्हणून ती भाषणे आज वाचता येतात. नोंदवही ठेवणाऱ्या श्रोत्याला इतिहास विसरत नाही, मग त्याचा हेतू कितीही वाईट असो.

आणि थोडा हिशेब करावा. तीनशेला मीटरने भागले की मेगाहर्ट्झ येतात. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. ही जागा आज हौशी रेडिओवाल्यांच्या चाळीस मीटर पट्ट्यात पडते. शॉर्टवेव्हचा, एसएसबी ही त्यांची बोलण्याची रीत पकडणारा संच असेल, तर सकाळी त्याच कोपऱ्यात कोणी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, दुसऱ्या हॅमला आपल्या गावचे तापमान आणि एरियलची उंची सांगताना सापडतो. त्यांना सांकेतिक भाषेत बोलायची मनाई असते, त्यामुळे बोलणे अगदी उघडे आणि इतके निरुपद्रवी असते की ब्रिटिशांनीही धाड घातली नसती. बोलायची हुक्की आली तर सरकारी परीक्षा देऊन परवाना आणि व्हीयू-अक्षरी नाव मिळवावे. या प्रबंधाच्या कक्षेत ते येत नाही, कारण बोलू लागलेला माणूस आमच्या दृष्टीने वाया गेलेला असतो.

श्रोत्याला दाबले की तो काटा फिरवतो, हे स्वतंत्र भारताच्या सरकारनेही अनुभवले. बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी आटली. देश सरळ रेडिओ सिलोनवर गेला. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली ती त्या पळालेल्या कानांना परत आणण्यासाठी. गावोगावच्या ज्या आजोबांनी तेव्हा दर आठवड्याला सिलोन शोधून काढले, ते सगळे स्कॅनर होते. त्यांचा स्क्वेल्च मनगटात होता.

तर कायदेशीर श्रवणासाठी उरते काय? सर्वांसाठी म्हणून जे हवेत सोडले आहे ते: मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह, एफएम. तिथे पवनारचे भौगोलिक श्रेष्ठत्व दिसते. गावावरून नागपूर सरळ रेषेत साधारण साठ किलोमीटर, बरोबर ईशान्येला. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक सळी असते, तीच त्याची मीडियम वेव्हची अँटेना. सळीची कूस स्टेशनकडे असली की आवाज सर्वांत मोठा. सळीचे टोक स्टेशनकडे केले की स्टेशन जवळजवळ नाहीसे होते. म्हणजे पवनारला नागपूर ऐकताना सळी वायव्य-आग्नेय हवी. त्यात आणखी एक लाभ: सळीची टोके ज्या दिशांना आहेत तिथून येणारी खरखर आपोआप मरते. आता वास्तुशास्त्र काय सांगते? देव ईशान्येला, अग्नी आणि विजेची उपकरणे आग्नेयेला. नागपूर देवघराच्या दिशेला, मिक्सर आणि इन्व्हर्टर सळीच्या टोकाला! दोन शास्त्रे एकमेकांना न विचारता एका घरात इतकी जुळलेली आम्ही पाहिली नाहीत. हा सिद्धांत फक्त नागपूरच्या नैर्ऋत्येकडील गावांना लागू आहे; खुद्द नागपुरात तो कोसळतो, पण नागपूरकरांना कोणताही सिद्धांत फार काळ लागू राहत नाही.

एफएमचे गणित वेगळे. त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे, हा त्यांचा मुख्य अडथळा. मनोऱ्याची उंची आणि आपल्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, दोहोंची वर्गमुळे काढावी, बेरीज करून ४.१२ ने गुणावे, उत्तर किलोमीटरमध्ये. मनोरा शंभर मीटर आणि गच्चीवरची तार नऊ मीटर धरली, तर दहा अधिक तीन, तेरा, आले त्रेपन्न-चोपन्न. नागपूर साठ. म्हणजे विविध भारतीचे १००.६ पवनारला क्षितिजाच्या किंचित खाली बुडालेले. ते तरीही लागते, कधी स्वच्छ, कधी फुसफुसत, कारण हवेचे थर लहरींना कधी कधी सूत्रात धरल्याहून अधिक वाकवतात आणि हवा रोज सारखी नसते. जे स्टेशन हमखास लागते त्यात श्रोत्याची कसोटी कसली? पुण्यामुंबईचे लोक मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून ऐकतात आणि स्वतःला श्रोते म्हणवतात.

हेच सूत्र दहा हजार मीटरवरून जाणाऱ्या विमानाला लावले तर सव्वाचारशे किलोमीटर येतात. पवनारच्या एका गच्चीला अर्ध्या महाराष्ट्रावरची विमाने तत्त्वतः ऐकू आली असती. तत्त्वतः. विमान डोळ्यांनी पाहायला परवाना लागत नाही, तेवढे करावे.

ज्याला याहून मोठे आकाश हवे त्याने नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा संच वापरावा. तो २००८ पासून जगाला खुला आहे. मोबाइलवर त्याचा काटा इथून फिरवता येतो आणि युरोपची शॉर्टवेव्ह पवनारच्या ओट्यावर ऐकू येते. अनेक नवशिके इथेच हात बसवतात, आणि ते शहाणपणाचेही आहे. त्यात उणीव एकच: तिथली खरखर परकी आहे.

खरखरीकडे आता वळतो, कारण पवनारच्या श्रवणाचा गाभा तीच आहे.

स्टेशन कोणालाही ऐकू येते. जाणकार खरखर ओळखतो. पवनारच्या मीडियम वेव्हवर तिचे निदान चार प्रकार आढळतात. पहिला घरगुती: एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर. ही खरखर सलग असते, आणि एकेक बटण बंद करत गेले की कोणाची आहे ते कळते. या शोधात घरातल्या माणसांना अंधारात बसावे लागते, म्हणून तो रात्रीच्या जेवणाच्या वेळी करू नये. दुसरा प्रकार आकाशाचा. वैशाखाच्या अखेरीस, अंगणावर चांदण्या स्वच्छ दिसत असताना, पट्टीच्या खालच्या टोकाला कडकड असे तुकडे पडू लागतात; शंभर-दोनशे किलोमीटरवर कुठेतरी विजा चमकत असतात. हवामान खात्याचा इशारा यायच्या आत श्रोत्याने वाळत घातलेल्या कुरडया उचलाव्यात, आणि बाहेर ताणलेली तार संचापासून काढून ठेवावी. तिसरा प्रकार अभावाचा: लाइट जाणे. सगळे गाव हळहळते, आणि सेलवर चालणाऱ्या संचात मात्र एकाएकी पडदा सरकतो; दिवसभर न लागलेली स्टेशने हाताला येतात. रात्री हे अधिकच, कारण दिवसा मीडियम वेव्ह गिळून टाकणारा वातावरणाचा खालचा थर सूर्य मावळल्यावर विरतो आणि वरचा थर लहरींना परतवून शेकडो किलोमीटर दूर उतरवतो. भारनियमनाची रात्र ही आमची पर्वणी. हे मत गावात मोठ्याने मांडू नये.

चौथा प्रकार विदर्भाचा स्वतःचा आहे, आणि कोणत्याही परदेशी मार्गदर्शिकेने त्याची आमच्याइतकी दखल घेतली नसेल. टक्. टक्. टक्. सेकंदाला एकेक, घड्याळाहून किंचित आळशी, सगळ्या पट्टीवर सारखा. ही झटका मशीन. रोही आणि रानडुक्कर पिकात शिरू नयेत म्हणून शेताभोवती तार ओढतात आणि सोलरवर चालणारी पेटी त्या तारेत ठरावीक अंतराने विजेचा ठोका सोडते. तार लांबलचक असल्याने ठोक्याचा थोडा अंश ती रेडिओतही सोडते. हरभऱ्याला घाटे धरले की टकटकींची संख्या वाढते, पीक निघाले की घटते. कृषी खात्याच्या पीक-पाहणीला हा पूरक पुरावा ठरू शकेल.

या प्रबंधातील पूर्वपक्ष शेजारच्या काकाजींनी मांडला. ओट्यावर कानाला इअरफोन लावून बसलेल्या माणसाकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, “काय ऐकून राह्यले गुरुजी?”

“तुमची झटका मशीन.”

“थे कायले ऐकाले पाह्यजे?”

हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण श्रवणाच्या प्रयोजनावर यापेक्षा कठोर आक्षेप कोणत्याही दर्शनात नाही. आम्ही परीक्षितीचे उदाहरण दिले, सात दिवस नुसते ऐकून तरला. काकाजींनी परीक्षितीकडे शेती किती होती असे विचारले. मग आम्ही जुन्नर तालुक्यातल्या खोडदचा दाखला काढला. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या पंचवीसेक किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ती दुर्बीण फक्त ऐकते, बोलत नाही. थाळ्यांजवळ मोबाइल चालत नाही, कारण तिच्यापुढे आपले सगळे चार्जर झटका मशीनच. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली हे यान मंगळावर उतरताना त्याचा क्षीण आवाज याच थाळ्यांनी टिपला, आणि उतरता उतरता तो अचानक बंद पडल्याचेही त्यांनीच ऐकले. मंगळावर पडलेल्या यानाची हाय खोडदला ऐकू येते, मग पवनारने शेजारच्या वावराची टकटक का ऐकू नये?

काकाजींवर यानाचा काही परिणाम झाला नाही. पण दोन दिवसांनी रात्री साडेनऊला ते आपणहून आले. “गुरुजी, मशीन चालू हाये का पाहा बरं. एवढ्या रातच्यानं वावरात कोण जाते?” संच लावला, ५३१ वर आणला, टक्, टक्. सळी फिरवून टकटक कोणत्या दिशेला मरते तेही दाखवले, म्हणजे ती काकाजींचीच, पलीकडच्या वावरातली नाही, हेही ठरले. तेव्हापासून ते रोज विचारतात आणि पूर्वपक्ष निकालात निघाला. आता परवान्याच्या दृष्टीने झटका मशीनचा ठोका हा संदेश मानावा काय, आणि मानला तर तो रोह्याला उद्देशून असल्यामुळे आम्ही ऐकणे म्हणजे रोह्याचे पत्र फोडणे होते काय, हा कूटप्रश्न कायदेपंडितांवर सोपवतो.

नोंदवहीविषयी थोडेच. वेळ नेहमी जागतिक लिहावी, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. त्या हिशेबाने पवनारात तारीख पहाटे साडेपाचला बदलते, जेव्हा आश्रमातली प्रार्थना होऊनही गेलेली असते. ऐकू आलेल्या स्टेशनला पाच आकडी गुण द्यावेत: जोर, इतर स्टेशनांचा उपद्रव, खरखर, लहरींची स्थिरता आणि एकंदर, प्रत्येकी एक ते पाच, पाच म्हणजे उत्तम. स्टेशनला हा अहवाल पाठवला की पुष्कळ स्टेशने पोचपावतीचे चित्रकार्ड पाठवतात आणि काही माणसे त्याच्या लोभाने आयुष्यभर ऐकतात. सवयीने हे गुण माणसांनाही देता येतात. ग्रामसभेतले भाषण: जोर पाच, उपद्रव एक, खरखर एक, स्थिरता पाच, एकंदर एक.

शेवटी एक अधिकरण राहिले, आणि ते वर्षातून एकदाच उद्भवते. अनंत चतुर्दशीला गणपती धामेत विसर्जनाला येतात, घाटावर पाय ठेवायला जागा नसते आणि बंदोबस्ताला पोलीस असतात. हवालदारांच्या खांद्यावर वायरलेस संच असतो. गुलालात आणि ढोलांत त्यांना स्वतःलाच ऐकू येत नसते, म्हणून त्याचा आवाज त्यांनी पूर्ण मोठा केलेला असतो. संशय असा: त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या भाविकाने ते ऐकावे की कानांत बोटे घालावीत? एक पक्ष म्हणतो, संदेश त्याच्यासाठी नव्हता, ऐकणे दोष. दुसरा म्हणतो, कान हा परवाना लागणारा संच नव्हे, तो जन्मतः मिळतो आणि त्याला बंद करायचे बटण नसते. आम्ही दुसऱ्या पक्षाचे, मात्र एका अटीसह: ऐकलेले सांगू नये. म्हणून नोंदवहीत अशा वेळी मजकुराचा रकाना कोरा ठेवून बाकीचे भरावेत. वेळ १८:४० जागतिक, जोर पाच, उपद्रव एक, कारण शेजारी डीजे, खरखर एक, स्थिरता पाच, एकंदर दोन. मजकूर कोरा असला तरी तो काय होता हे पुढच्याच क्षणी हवालदार डीजेवाल्याला स्वतःच्या तोंडाने ओरडून सांगतात: बारा वाजून गेलेत, बंद करा. डीजेवाल्याने आमच्या वहीत डोकावून पाहिले आणि जागतिक वेळेप्रमाणे बारा वाजायला अजून पाच तास वीस मिनिटे आहेत, असे हवालदारांना नम्रपणे निदर्शनास आणून दिले.